जुनीं बोटें आणि नवी बासरी

वाद्यांच्या सुधारणेचा इतिहास आपण बहुधा कारागिराच्या बाजूनें वाचतों. अमक्यानें अमुक सालीं अमुक दोष दूर केला, एवढें सांगून इतिहासकार पुढें जातो. परंतु जुन्या वाद्यावर ज्यांनीं उमेदीचीं वर्षें खर्चिलीं, त्यांच्या हातांचें काय झालें, ही हकीकत मागें राहते. युरोपीय बासरीच्या इतिहासांत मात्र ती टाळतां येत नाहीं. कारण तेथें सुधारक स्वतःच नामांकित वादक होता, आणि सुधारणेची किंमत प्रथम त्यालाच मोजावी लागली.

थेओबाल्ड ब्योम हा म्यूनिकच्या एका सोनाराचा मुलगा. १७९४ सालीं जन्मलेला हा गृहस्थ बव्हेरियाच्या राजवाद्यवृंदांत बासरी वाजवी आणि १८२८ पासून स्वतःच्या कारखान्यांत बासऱ्या तयारही करी. त्या काळची बासरी लांकडाची, शेवटाकडे निमुळती होत गेलेली. तिला बोटांनीं झांकावयाचीं सहा छिद्रें व जोडीला कांहीं कळा असत. हीं छिद्रें नादशास्त्र सांगेल तेथें नव्हे, तर बोटें पोंचतील तेथें पाडलेलीं असत. त्यामुळें एक स्वर भरदार तर शेजारचा क्षीण, एखादा किंचित् बेसूरही, अशी स्थिति होती; आणि वादक ती ओठांच्या कौशल्यानें सांवरून घेत.

१८३१ मध्यें लंडन येथें ब्योमनें चार्ल्स निकल्सनचें वादन ऐकलें. निकल्सनच्या बासरीचीं छिद्रें असाधारण मोठीं आणि आवाज तसाच दमदार होता. पुढच्याच वर्षीं ब्योमनें जी बासरी सिद्ध केली, तींत छिद्रें मोठीं करून नादशास्त्राच्या मागणीप्रमाणें बसविलीं. जेथें बोट पोंचेना, तेथें कड्या व दांडे योजून बोटाचा दाब दूरच्या छिद्रापर्यंत नेला.

स्वर सुधारले, पण बोटें चुकूं लागलीं. डाव्या हाताचीं तिन्ही छिद्रें झांकून उजवी तर्जनी टेकली, कीं जुन्या बासरीवर एफ शार्प निघे; नवीवर त्याच बोटानें एफ निघूं लागला. डावा अंगठा पूर्वीं बासरी पेलण्याखेरीज फारसें कांहीं करीत नसे; त्याला आतां अखंड काम लागलें. जी शार्पसाठीं पूर्वीं डाव्या करंगळीनें कळ दाबावी लागे. आतां करंगळी उचलावी लागूं लागली. वर्षानुवर्षांची मेहनत हाच अडथळा झाला. वयाच्या अडतिसाव्या वर्षीं ब्योमनें आपलीं बोटें नव्यानें घडविलीं, आणि १८३३ मध्यें तो ही बासरी घेऊन पॅरिस व लंडनला गेला.

सर्वांनीं हें पत्करलें नाहीं. सर्व स्वर सारखे झाले तर बासरीचा स्वभावच लोपेल, अशी ड्रेस्डेनच्या फ्यूर्स्टेनाउची भीति होती. पॅरिसच्या संगीतविद्यालयांत नवी बासरी शिकवावी अशी खटपट १८४० च्या सुमारास झाली. ती तेथील प्राध्यापक त्युलू याच्या विरोधामुळें फसली. त्युलू जुन्या धर्तीच्या बासऱ्यांच्या धंद्यांत भागीदार होता, हें खरें. परंतु एवढ्यावरून त्याला केवळ स्वार्थी ठरविणें अन्यायाचें होईल. जुन्या बासरीच्या विषम स्वरांतच छायाप्रकाशाचा खेळ होता, आणि त्या विषमतेवर हुकमत मिळविणें हीच त्या पिढीची कला होती. दोष नाहींसा झाला कीं तो सांवरण्याचें कौशल्यही निरुपयोगी होतें. ही व्यथा खोटी म्हणतां येणार नाहीं.

तडजोडीची वाट पॅरिसच्याच दोरुस या वादकानें दाखविली. त्यानें ब्योमची बासरी स्वीकारली; मात्र जी शार्पची कळ अशी बदलून घेतली, कीं करंगळीची जुनी संवय मोडूं नये. पुढें १८४७ मध्यें ब्योमनें बासरीची नळी दंडगोल केली आणि छिद्रें इतकीं मोठीं केलीं, कीं बोटाऐवजीं गादी लावलेलीं झांकणें आलीं. ज्यांनीं बोटें एकदां वळविलीं होतीं, त्यांना आतां फुंकरही बदलावी लागली. १८६० मध्यें त्युलूच्या जागीं दोरुस आला आणि त्याच्याबरोबर नवी बासरी त्या विद्यालयांत शिरली.

ब्योम १८८१ मध्यें वारला. आजच्या बहुतेक युरोपीय बासऱ्या त्याच्याच रचनेच्या आहेत. तथापि त्यांवर जी शार्पची कळ दाबूनच उघडावी लागते, ब्योमनें ठरविल्याप्रमाणें बोट उचलून नव्हे. यंत्रणा दोरुसची राहिली नाहीं, पण त्यानें राखलेली संवय राहिली. नऊ बोटांनीं नव्या बासरीशीं जुळवून घेतलें. एका करंगळीपुरतें मात्र बासरीलाच नमतें घ्यावें लागलें.