ब्रायर पाईपचा रंगपालट

ब्रायर पाईपचा रंगपालट : रंग न देता केवळ मेण वा तेल लावून झिलई केलेल्या लाकडी पाईपचा फिकट बदामी वर्ण वापराबरोबर मधासारखा व पुढे तांबूस तपकिरी होत जाणे. ब्रायर ही भूमध्य समुद्राच्या आसपास, विशेषतः कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया व अल्जीरिया येथे वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, खोड व मूळ यांच्या सांध्यावर धरणारी गाठ होय. ती कित्येक तास उकळून तिच्यातील रस व टॅनिन काढून टाकतात आणि मग महिनोन्‌महिने सुकवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सें-क्लोद येथील कारागिरांनी या लाकडाचे पाईप घडवण्यास आरंभ केल्यापासून त्याची मातब्बरी कायम आहे.

गडद रंगाखाली लाकडातील लहानसहान वैगुण्ये सहज झाकली जातात. फिकट झिलईला ती सोय नसल्याने तिच्यासाठी निर्दोष गाठ निवडावी लागते, आणि असा जिन्नस महाग पडतो. डनहिल या लंडनच्या पेढीने 1931 साली कॉर्सिकन ब्रायरचा फिकट ‘रूट ब्रायर’ आणि 1952 साली वाळूच्या माऱ्याने खडबडीत केलेला ‘टॅनशेल’ बाजारात आणला.

रंगपालट घडवून आणणारी कारणे अनेक असून ती एकाच वेळी काम करीत असतात : आत जळणाऱ्या तंबाखूची ऊब, लाकडात मुरणारी डांबरयुक्त ओल, हाताचे तेल, आणि हवा व प्रकाश यांच्या योगाने होणारे मंद ऑक्सिडीकरण. जात्याचा खुंटा किंवा कुऱ्हाडीचा दांडा वर्षानुवर्षे हाताळून जसा गडद व गुळगुळीत होतो, तसाच हा प्रकार, फक्त येथे अग्नीचेही साहाय्य असते. लाकडाच्या रेषा व ‘पक्ष्याचे डोळे’ म्हणून ओळखली जाणारी ठिपक्यांची नक्षी नव्या पाईपवर अंधुक असते, ती हळूहळू उठून दिसू लागते. याच सुमारास लबाडीही उघडी पडते, कारण खड्डे बुजवण्यासाठी भरलेली लांबी लाकडाबरोबर गडद होत नाही आणि विकत घेताना न दिसलेले ठिपके काही वर्षांनी पांढुरके होऊन समोर येतात.

वाटीच्या काठावर काडीपेटीच्या ज्वाळेने येणारा काळेपणा मात्र या सदरात मोडत नाही. तो लाकूड पोळल्याचा डाग आहे, आणि त्यास मुरलेला रंग समजून मिरवणे हा निव्वळ अज्ञानाचा भाग होय. मीरशॉम या पांढऱ्या खनिजाचा पाईप मेणाच्या साहाय्याने अंतर्भागातील डांबर शोषून आतूनच पिवळा व नंतर तपकिरी होतो. ब्रायरची चाल त्याहून संथ व संयमी.

पाईपच्या एबोनाइट मुखनळीचा प्रवास उलटा असतो : गंधकयुक्त रबराची ही काळीभोर नळी प्रकाशाने व लाळेने हिरवट तपकिरी पडते, आणि ती घासूनच पुन्हा काळी करावी लागते.