रंगाईचे पाणी आणि काळी जमीन

अक्कलकोट रोड एमआयडीसीचे नाव चादर आणि टॉवेल यांच्याशी जोडलेले असले, आणि सोलापूरच्या या दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी मागावर चढण्यापूर्वी सूत ज्या रंगाईतून जाते तिचा इतिहास तितकाच मोलाचा आहे. व्हॅट रंग सुतावर पक्का करण्यासाठी कापडधंद्यात एकेकाळी बायक्रोमेट वापरण्याची पद्धत होती, त्यातून क्रोमियम सांडपाण्यात उतरे. डायरेक्ट रंग उन्हात विटू नये म्हणून मोरचुदाचे पाणी देत. आणि टॉवेलवरच्या फिरोजी रंगाचा रेणू तर तांब्याच्या अणूभोवतीच रचलेला असतो.

असे धातू मोजण्याची गरज महाराष्ट्राने लवकर ओळखली. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा, तर राज्याचा 1969 चा, आणि 1970 मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन झाले. मोजणीचे साधन त्याआधीच तयार होते: 1955 मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांनी अणुशोषण पद्धत मांडली, जिच्यात द्रावण ज्योतीत फवारले जाते आणि धातूचे मुक्त अणू आपल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतात, यावरून त्याचे प्रमाण कळते, तांब्यासाठी ही तरंगलांबी 324.8 नॅनोमीटर आहे. मात्र यंत्रापेक्षा पूर्वतयारीच अधिक नाजूक असते. उदाहरणार्थ, भाजीतील धातू मोजताना पालकाचे पान नीट धुतले नाही तर त्यावरच्या धुळीतील धातू पानाच्या खाती जमा होतो, वाळवलेले पान पोलादी पात्यांनी दळले तर पात्यांतलेच क्रोमियम आणि निकेल भुकटीत मिसळू शकते, आणि आम्लात ते पुरते विरघळले नाही तर आकडा कमी येतो.

सोलापुरात खरी अडचण जमिनीची आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत तांबे मुळातच भरपूर असते, त्यामुळे एकूण तांब्याचा आकडा मोठा दिसला की त्याचे खापर कारखान्यांवर फोडणे शास्त्राला धरून नाही. उलट याच चुनखडीयुक्त जमिनीत लोह आणि जस्त असे जखडून राहतात की ती मातीत असूनही पिकाला मिळत नाहीत, आणि लोहाअभावी उसाचे कोवळे पान पिवळे पडते, ज्याला शेतकरी केवडा म्हणतात. पिकाला उपलब्ध होणारा अंश वेगळा मोजण्यासाठी लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेली डीटीपीए चाचणी अशा जमिनींसाठीच बेतलेली आहे: धातूला पकडून ठेवणाऱ्या या द्रावणात, ज्याचा सामू 7.3 राखलेला असतो, माती दोन तास हलवतात आणि गाळून आलेल्या द्रावणातील धातू मोजतात. एकूण आणि उपलब्ध हे दोन आकडे शेजारी मांडल्याशिवाय येथील कोणत्याही अहवालाला अर्थ येत नाही, आणि केवळ पहिला आकडा देणारे अहवाल वाचकाची दिशाभूल करतात.

त्यात डाळिंबाची भर पडते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण बागांवर वर्षानुवर्षे फवारले की तांबे मातीच्या वरच्या थरात साचते, आणि ते रंगाईच्या पाण्यातून आले की फवारणीतून, हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. म्हणूनच औद्योगिक वसाहतीच्या उतारावरील शेताचा नमुना घेताना चढावरील, सांडपाणी न पोहोचणाऱ्या, त्याच प्रकारच्या जमिनीचा नमुनाही घ्यावा लागतो आणि दोन्ही शेतांच्या फवारणीची नोंद सोबत ठेवावी लागते.