चर्चमधील कीर्तन

महाराष्ट्रांतील प्रारंभींच्या ख्रिस्ती मंडळ्यांपुढें जी अडचण होती ती श्रद्धेपेक्षां भाषेची अधिक होती. गीतांतील शब्द मराठी, पण चाल विलायती. त्या ओढाताणींत ऱ्हस्वदीर्घाचा जीव जाई. प्रवचन मराठींत होई, परंतु त्याची घडण इंग्रजी पुस्तकांतली. खेड्यांतून आलेला निरक्षर मनुष्य तें आदरानें ऐकून घेई, आणि घरीं जातांना त्याच्या ओठीं कांहींच उरत नसे.

वास्तविक गोव्यांत फादर स्टीफन्सनें ही वाट पूर्वींच दाखविली होती. त्याचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. पण दख्खनच्या मिशनांनीं पुन्हां आरंभापासून आरंभ केला.

तो धागा पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं हातीं घेतला. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांजपाशीं त्यांचें संस्कृताध्ययन झालें. पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ त मुंबईस बाप्तिस्मा घेऊन ते अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनांत गेले. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात तिकडे कृष्णराव सांगळे यांनीं पाडलाच होता; टिळकांनीं त्याला खऱ्या कवीची वाणी दिली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत, आणि तोच सेतु त्यांनीं श्रोत्यांसाठीं खुला केला.

कीर्तनाची खुबी साधी आहे. व्यासपीठावरील उपदेशक एकटाच बोलतो. कीर्तनकार मात्र पद म्हणतो, निरूपण करतो, आख्यान लावतो, आणि ध्रुवपद आलें कीं टाळ-मृदंगासह सगळी सभा तें उचलते. ऐकणारा तेथें नुसता ऐकणारा राहत नाहीं. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांची पोथी अशी कंठांत तयार होते. हें हिंदूंचें अनुकरण नव्हे काय, ही शंका घेणाऱ्यांना त्या कंठस्थ पदांहून दुसरें उत्तर देण्याचें कारण नव्हतें.

१९१७ त टिळकांनीं मिशनचें वेतन सोडून संन्यस्त वृत्ति पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. दोनच वर्षांत ते गेले. ख्रिस्तचरित्र ओव्यांत गुंफण्याचें त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पुरें केलें. माजघरांतली मराठी त्यांच्या हातीं होती, आणि मंडळीला कळावयास तीच हवी होती. १९३६ त नाशिकास त्यांचें निधन झालें. ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर ग्रंथरूपानें निघालें.