घर आपले, वकील कोणाचा? गोरेगावच्या सदनिकेमागचा अडीचशे वर्षांचा इतिहास

१/ गोरेगावात गृहकर्ज काढून सदनिका घेतली, की फाइलमध्ये वकिलांचे दोन कागद हमखास असतात. एक विकासकाच्या वकिलाचे टायटल सर्टिफिकेट, दुसरा बँकेच्या पॅनेलवरील वकिलाचा सर्च रिपोर्ट. घर घेणाऱ्याने स्वतः नेमलेल्या वकिलाचे मत मात्र बहुधा नसतेच. ही जागा रिकामी कशी राहिली आणि ती महागात का पडू शकते, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ मूळ प्रश्न असा : जमीन अमक्याचीच आहे, याची हमी कोण देतो? १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि सरकारी नोंदवहीतील नाव हाच मालकीचा पुरावा ठरला. भारताने ती वाट धरली नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याची हमी तो देत नाही.

३/ सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरील नोंदही अंतिम नसते. विरुद्ध पुरावा पुढे येईपर्यंत ती खरी मानली जाते, इतकेच. त्यामुळे मालकी पारखायची तर आजच्या विक्रेत्यापासून मागे जात एकेक दस्त तपासावा लागतो. साधारण तीस वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे. गोरेगावात मात्र ही साखळी कित्येकदा त्याहून फार मागे पोहोचते.

४/ गोरेगाव हे साष्टी बेटावरचे गाव. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून साष्टी घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती जिंकली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पुढे कंपनी सरकारने साष्टीतील अनेक गावे मुख्यतः पारशी धनिकांना निरनिराळ्या अटींवर दिली. कोणाला काय मिळाले, हे प्रत्येक सनदेच्या शब्दांवर अवलंबून होते.

५/ १९५१ मध्ये खास साष्टीतील इस्टेटींसाठी कायदा झाला. त्याने जमीनमहसुलातील माफी रद्द केली आणि त्या इस्टेटींतील काही पडीक जमिनी सरकारजमा केल्या. कोणता तुकडा ‘पडीक’ होता, यावर खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या सनदेतील एका वाक्यावर उद्याच्या इमारतीची मालकी ठरू शकते, ती अशी.

६/ कारभारही बदलत गेला. ठाणे जिल्ह्यातील हा भाग १९२० मध्ये नव्या मुंबई उपनगर जिल्ह्यात आला आणि १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत. गावाची शेते, मग बिनशेती भूखंड, मग सोसायट्या आणि म्हाडाच्या वसाहती, असे थर एकमेकांवर चढले. यांतील कोणता कागद कोणत्या दप्तरात सापडेल, हे जाणणारा माणूस आवश्यक झाला.

७/ शहरात असा माणूस होता : सॉलिसिटर, त्या काळच्या भाषेत अ‍ॅटर्नी. १८२४ चे मुंबईचे सुप्रीम कोर्ट आणि १८६२ चे उच्च न्यायालय यांनी इंग्लंडची दुहेरी पद्धत चालवली. मूळ शाखेत बॅरिस्टर युक्तिवाद करी. अशिलाला भेटणे, दस्त तपासणे, खरेदीखत लिहिणे ही सॉलिसिटरची कामे. १८९४ मध्ये बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी स्थापन झाली. पेढीवर आर्टिकल क्लार्क म्हणून उमेदवारी आणि मग कठीण परीक्षा, हा तिचा शिरस्ता.

८/ आता कर्जाची बाजू. १७८३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ‘रसेल विरुद्ध रसेल’ खटल्यात मान्य केले, की हक्काचे मूळ दस्त सावकाराकडे ठेवले तरी गहाण निर्माण होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुंबईसारख्या मोजक्या व्यापारी शहरांत ही सोय दिली. अट एवढीच, की दस्त त्या शहरात सुपूर्द व्हावेत. मालमत्ता कुठेही असली तरी चाले.

९/ याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. गोरेगाव ठाणे जिल्ह्यात असतानाही तेथील जमिनीचे दस्त फोर्टातील पेढीवर ठेवून कर्ज घेता येई. नोंदणी कार्यालयात मात्र त्याचा मागमूस उरत नसे. म्हणून जाणता सॉलिसिटर पहिला प्रश्न विचारी : मूळ कागद कुठे आहेत? नक्कल पुढे आली, की त्याच्या मनात शंका येई. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे देणे बंधनकारक झाले, ते २०१३ मध्ये.

१०/ १९२९ च्या दुरुस्तीने याच कायद्यातील ‘नोटीस’ या शब्दाची व्याख्या विस्तारली. नोंदवलेला दस्त खरेदीदाराला ठाऊक आहे असे धरले जाते. जागेवर प्रत्यक्ष ताबा असलेल्या माणसाचा हक्कही ठाऊक आहे असे धरले जाते. शिवाय त्या व्यवहारात प्रतिनिधीला जे कळले, ते अशिलालाही कळले असे मानले जाते. घेणाऱ्याने नेमलेल्या वकिलाचे डोळे कायद्याच्या दृष्टीने घेणाऱ्याचेच ठरतात. निवडीचे महत्त्व इथे आहे.

११/ स्वातंत्र्यानंतर उपनगरांत इमारती उभ्या राहिल्या आणि फसवणुकीच्या तक्रारीही वाढल्या. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने, म्हणजे ‘मोफा’ने, विकासकावर जमिनीच्या हक्काची खरी माहिती उघड करण्याचे बंधन घातले. अ‍ॅटर्नी किंवा किमान तीन वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. तरतूद चांगली होती. पण प्रमाणपत्र देणारा वकील विकासकानेच नेमलेला असे.

१२/ १९७७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. सॉलिसिटर आणि अ‍ॅडव्होकेट हा कायद्यातील भेद संपला. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा मात्र टिकली. त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली. १९७८ मध्ये तिचे पहिले गृहकर्ज गोरेगावशेजारच्या मालाडमधील घरासाठी दिले गेले. मध्यमवर्गीयाच्या घरखरेदीत आता एक नवा वकील आला, कर्ज देणाऱ्याचा.

१३/ ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद चोख’ हा समज इथून रुजला. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. बँकेचा वकील एकच प्रश्न तपासतो : कर्ज थकले तर या मालमत्तेतून वसूल होईल का? शुल्क बहुधा कर्जदार भरतो, अहवाल बँकेच्या नावे असतो. पुढे हक्कात दोष निघाला, तर घेणाऱ्याने भरलेली पहिली रक्कम अडकते आणि हप्ते मात्र चालूच राहतात.

१४/ गोरेगाव पश्चिमेतील सिद्धार्थनगर, म्हणजे पत्राचाळ, हे याचे जवळचे उदाहरण. ६७२ भाडेकरू, म्हाडाची जमीन आणि २००८ चा संस्था, म्हाडा व विकासक यांचा त्रिपक्षीय करार. भाडेकरूंची घरे पुरी न करता चटईक्षेत्र नऊ खासगी विकासकांना विकले गेले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला. भाडेकरूंबरोबर त्या जागेवरील नव्या प्रकल्पांत पैसे गुंतवलेले ग्राहकही अडकले.

१५/ अशा जागी ‘टायटल क्लिअर’ हे दोन शब्द पुरत नाहीत. जमीन कोणाची, विकासकाला हक्क कोणत्या कराराने मिळाला, त्या कराराच्या अटी पाळल्या गेल्या का, तो रद्द झाल्यास ग्राहकाचे काय, हे सगळे वाचणारा माणूस ग्राहकाच्या बाजूचा असावा लागतो.

१६/ २०१६ च्या रेरा कायद्याने मोठा आधार दिला. जमिनीच्या सदोष हक्कामुळे नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यायची आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. वकिलाची चूक मात्र निराळी. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कटात सहभाग नसेल तर केवळ निष्काळजी मत दिल्याबद्दल बँकेच्या वकिलावर फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२४ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठरली. दिवाणी दाव्याची आणि बार कौन्सिलकडे तक्रारीची वाट उरते, पण ती लांबची. म्हणून निवड आधीच नीट हवी.

१७/ निवडताना विचारायचे प्रश्नही या इतिहासातूनच येतात. या विकासकाचे, विक्रेत्याचे किंवा बँकेचे काम आपण करता का? (असा संबंध अशिलाला सुरुवातीलाच सांगणे हे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाचे कर्तव्य आहे.) शोध किती वर्षांचा घेणार? मूळ दस्त स्वतः पाहणार का? ताबा कोणाचा आहे हे जागेवर जाऊन पाहणार का? लेखी मत कोणाच्या नावे देणार?

१८/ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घेणाऱ्याचे नाव असले, तर फाइलमधील तिसरा कागद भरला. वीस वर्षे हप्ते फेडायचे त्या घरासाठी हे काही फार मोठे मागणे नव्हे.