अभ्यासाची रीत : आठशे वर्षांचा मागोवा

दहावीला पन्नास-साठ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झालेला आपल्यातला एखादा मुलगा अकरावीला प्रवेश घेतो आणि पहिल्या सहामाहीतच मागे पडतो. घरची मंडळी म्हणतात, "त्याचं डोकंच तेवढं." काही दिवसांनी मुलगाही तसेच म्हणू लागतो. मग कोणी दुकानावर बसतो, कोणी आखाताची वाट धरतो, आणि मुलीच्या बाबतीत तर शिक्षण थांबवण्याचा निर्णय घ्यायला कोणाला फारसा विचारही करावा लागत नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली जो अहवाल दिला त्यात वीस वर्षांवरील मुसलमानांमध्ये पदवीधर किंवा पदविकाधारकांचे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी असल्याचे नमूद केले होते. सर्व देशाचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. गरिबी, घरातील जागेची अडचण, भाषेची अडचण अशी याची अनेक कारणे आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. एका कारणाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ते म्हणजे आपली मुले कॉलेजात पोहोचतात, पण जाड पुस्तक वाचावे कसे आणि वाचलेले टिकवावे कसे, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. ते आपोआप येते अशी आपली समजूत आहे. इतिहास पाहिला तर ते कधीच आपोआप आलेले नाही असे दिसते.

इसवी सन १२०० च्या सुमारास मध्य आशियात, आमू दर्यापलीकडील मावराउन्नहर या प्रदेशात, बुरहानुद्दीन अज़-ज़रनूजी नावाचे एक उस्ताद होऊन गेले. 'हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते मर्गीनानी हे त्यांचे गुरू. ज़रनूजींच्या स्वतःच्या आयुष्याविषयी फारच थोडी माहिती मिळते, परंतु त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले 'तालीमुल मुतअल्लिम' हे तेरा प्रकरणांचे छोटेखानी पुस्तक टिकून राहिले. १७०९ साली ते हॉलंडमधील उट्रेख्त येथे लॅटिन भाषांतरासह छापले गेले, १९४७ साली त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि इंडोनेशियातील मदरशांत ते आजही शिकवले जाते.

हे पुस्तक लिहिण्याचे जे कारण ज़रनूजी देतात ते वाचून कोणाही शिक्षकाने थबकावे. आपल्या काळातील पुष्कळ विद्यार्थी खूप मेहनत करतात, तरी त्यांच्या पदरी विद्या पडत नाही. कारण ते रस्ता चुकलेले आहेत, असा त्यांचा आशय आहे. मुले आळशी आहेत किंवा मंदबुद्धी आहेत असे त्यांनी म्हटले नाही. मेहनत आहे, रीत नाही, हे त्यांचे निदान.

मग रीत कोणती? सुरुवातीचा सबक इतका लहान असावा की दोनदा म्हटला तर लक्षात राहावा. मग रोज अगदी थोडा थोडा वाढवत न्यावा. पहिल्याच दिवशी मोठा सबक घेऊन दहा-दहा वेळा घोकण्याची सवय लागली तर ती शेवटपर्यंत सुटत नाही, असा इशारा ते देतात. पुढे उजळणीचा हिशेब येतो आणि तो फार मनोवेधक आहे. कालचा सबक आज पाच वेळा म्हणावा, परवाचा चार वेळा, त्याच्या आदल्या दिवसाचा तीन वेळा, त्याच्याही आदल्याचा दोनदा आणि त्यापूर्वीचा एकदा. म्हणजे प्रत्येक धडा सलग पाच दिवस विद्यार्थ्याच्या तोंडून जातो आणि रोज त्याला लागणारा वेळ कमी होत जातो. उजळणी मनातल्या मनात न करता आवाजात करावी, मात्र थकून जाण्याइतके ओरडू नये, हेही ते सांगतात.

आणखी एक नियम आजच्या गाइडच्या जमान्यात मुद्दाम सांगण्यासारखा आहे. जे समजले नाही ते विद्यार्थ्याने लिहून घेऊ नये. त्याने बुद्धी बोथट होते आणि वेळ वाया जातो, असे ज़रनूजी बजावतात. आधी समजून घ्या, मग आठवा, मग लिहा, हा त्यांचा क्रम. आपल्याकडे फळ्यावरचे किंवा गाइडमधले उत्तर सुवाच्य अक्षरात वहीत उतरले की अभ्यास झाला असे मुलाला वाटते, पालकांनाही वाटते, आणि खरे सांगायचे तर आम्हा काही शिक्षकांनाही वाटते.

सोबत्यांशी चर्चा करण्याला त्यांनी नुसत्या घोकण्यापेक्षा कितीतरी वरचे स्थान दिले आहे. कंटाळा आला तर काय करावे? इमाम मुहम्मद बिन हसन शैबानी रात्री निरनिराळ्या विषयांच्या वह्या जवळ ठेवीत, एका विषयाचा कंटाळा आला की दुसरी वही घेत, आणि झोप घालवण्यासाठी पाणी जवळ ठेवीत, अशी आठवण ते देतात.

अर्थात ज़रनूजींचे सगळेच शब्द झेलावेत असे नाही. हिरवी कोथिंबीर आणि आंबट सफरचंद खाल्ल्याने विस्मरण होते, आणि रोज रिकाम्या पोटी एकवीस मनुका खाल्ल्याने स्मरण वाढते, असेही या पुस्तकात आहे. कोथिंबीर वर्ज्य करायची म्हटले तर आपल्या घरातून एकही हुशार मूल निघायला नको होते! त्या काळच्या वैद्यकाच्या या समजुती होत्या. त्या बाजूला ठेवल्या तरी पुस्तकातील अभ्यासाचा भाग जसाच्या तसा उभा राहतो.

हिंदुस्थानातही ही दृष्टी होती. लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने जो 'दर्से निजामी' हा अभ्यासक्रम रूढ झाला, त्यात प्रत्येक विषयाची थोडीच पण कठीण पुस्तके निवडलेली होती. असे एक पुस्तक ज्याने उस्तादाजवळ बसून शब्दाशब्दाने सोडवले त्याला त्या विषयातील दुसरे पुस्तक स्वतःच्या बळावर वाचता यावे, हा त्यामागचा हेतू. उद्याचा धडा आज स्वतः वाचून जाणे म्हणजे 'मुताला', आणि झालेला धडा सोबत्यांना पुन्हा समजावून सांगणे म्हणजे 'तकरार'. मराठीत तकरार म्हणजे भांडण. मदरशात मात्र तो अभ्यासाचा शब्द आहे. पुढे अभ्यासक्रम साचले, भाष्यांवर भाष्ये चढली आणि पाठांतर उरले, हेही नाकारता येत नाही.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. असे असामान्य बुद्धीचे विद्यार्थी कोणत्याही पद्धतीत वर येतात. परंतु सामान्य विद्यार्थ्यापुढे परकी भाषा, व्याख्यान आणि वर्षअखेरची परीक्षा एवढेच उरले. १९०२ साली नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने, ज्यात हैदराबादचे सय्यद हुसेन बिलग्रामी हेही सदस्य होते, शिकवणे हे परीक्षेचे दास झाले आहे, हाच या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष ठरवला. १९१७ ते १९१९ या काळात कलकत्ता विद्यापीठाची पाहणी करणाऱ्या सॅडलर आयोगाने त्याही पुढे जाऊन सांगितले की शाळा आणि विद्यापीठ यांची खरी सीमारेषा मॅट्रिक ही नसून इंटरमीजिएट ही आहे. मॅट्रिक झालेला मुलगा विद्यापीठाच्या शिक्षणाला अजून तयार नसतो. त्याला मध्ये दोन वर्षांची वेगळी, शाळेसारखी जवळून दिलेली शिकवण हवी. आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट व्हायला कोठारी आयोगानंतरचे (१९६४–६६) दशक उजाडावे लागले. दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली आणि त्याच वर्षी कनिष्ठ महाविद्यालये सुरू झाली. नाव महाविद्यालयाचे मिळाले खरे. 'जवळून शिकवण' किती ठिकाणी मिळाली, हे ज्याने त्याने आपल्या गावाकडे पाहून ठरवावे.

दरम्यान पश्चिमेकडे हाच विषय प्रयोगशाळेत गेला होता. हर्मन एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून, स्वतःचीच परीक्षा घेऊन, विस्मरणाचे मोजमाप केले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या तासातच निसटतो आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यात दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधले ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांच्या उजळणीने साधले. ज़रनूजींचा पाच-चार-तीन-दोन-एकचा हिशेब एबिंगहाउसला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दोघांचे बोट एकाच जागी पडले आहे. १९१७ साली अमेरिकेत आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले की सगळा वेळ वाचण्यात घालवण्यापेक्षा त्यातला निम्म्याहून अधिक वेळ पुस्तकावरची नजर काढून आठवण्यात घालवला तर जास्त लक्षात राहते.

मग दुसरे महायुद्ध आले. लष्कराने अनेक तरुणांना थोड्या अवधीत अवघड विषय शिकण्यासाठी विद्यापीठांत धाडले. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कॉलेजचा खर्च सरकारने देऊ केला आणि १९४७ साली अमेरिकन कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. यांतील कित्येकांच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी अशा विद्यार्थ्यांना शिकवताना बसवलेली पाच पायऱ्यांची पद्धत १९४६ साली पुस्तकरूपाने आली. प्रथम प्रकरणाचे मथळे व सारांश चाळून आढावा घ्यावा. मथळ्याचा प्रश्न करावा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत वाचावे. पुस्तक मिटून उत्तर आपल्या शब्दांत सांगावे. शेवटी उजळणी करावी. मुताला, सबक, तकरार यांच्याशी परिचय असलेल्याला यात फारसे परके काही वाटणार नाही.

कोणी म्हणेल, हे कच्च्या विद्यार्थ्यांसाठी झाले. त्यासाठी हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम पेरी यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेला अनुभव सांगितला पाहिजे. त्यांनी पहिल्या वर्षाच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांना इंग्लंडच्या इतिहासावरील तीस पानांचे एक प्रकरण वाचायला दिले. वीस-बावीस मिनिटांनंतर तपशिलाचे प्रश्न विचारले, तेव्हा मुलांनी ते छान सोडवले. मग विचारले, या प्रकरणात लेखकाला सांगायचे काय आहे ते थोडक्यात लिहा. ते ज्यांना जमले ते १५०० पैकी अवघे १५! प्रकरणाच्या शेवटी सारांशाचा परिच्छेद होता, पण बहुतेकांनी पहिल्या पानापासून ओळीमागून ओळ वाचण्याची शाळेतली सवय सोडली नव्हती. हे विद्यार्थी अमेरिकेतले निवडक विद्यार्थी होते. त्यांना वाचता येत होते. वाचण्याचा हेतू ठरवून वाचणे त्यांना कोणी शिकवले नव्हते. हार्वर्डने त्यांना मंदबुद्धी ठरवले नाही; वाचनाचे वर्ग चालवले.

आता आपल्या अकरावीतल्या मुलाकडे पाहा. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला हा मुलगा विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत जातो तेव्हा पुस्तकाची भाषा बदलते, पानांची संख्या वाढते आणि धडा वाचून दाखवणारे कोणी उरत नाही. तिन्ही गोष्टी एकाच जूनमध्ये घडतात. अशा वेळी तो गाइड उघडतो यात नवल नाही. त्याला पहिल्या दोन महिन्यांत अभ्यासक्रमाबरोबर एवढे शिकवता आले पाहिजे : प्रकरण उघडल्यावर आधी मथळे आणि शेवटचा सारांश वाचणे, रोज दीड-दोन पानेच पण समजेपर्यंत वाचणे, अडलेल्या शब्दांची वेगळी वही ठेवणे, न समजलेले उतरवून न घेणे आणि पाच दिवसांची उतरती उजळणी. यासाठी इमारत लागत नाही, अनुदानही लागत नाही. आठवड्यातून दोन तासिका आणि त्या घेणारा एक शिक्षक लागतो.

उजळणीचा भाग तर घरीही होऊ शकतो. पुष्कळ पालक म्हणतात, आम्हीच सातवी शिकलेले, आम्ही मुलाचा बारावीचा अभ्यास काय घेणार? धडा समजावून देणे त्यांच्याकडून होणार नाही, हे खरे. परंतु आवाजात धडा म्हणायला समोर ऐकणारा हवा असतो. मगरीबनंतर अर्धा तास टी.व्ही. आणि मोबाइल बंद ठेवून मुलीला सांगावे, पुस्तक मिट आणि आज काय वाचलेस ते आपल्या घरच्या बोलीत आम्हाला सांग. ती कुठे अडखळते हे अम्मीच्या ताबडतोब लक्षात येते, त्यासाठी अर्थशास्त्र यावे लागत नाही. अडखळली तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी ती खूण घेऊन मुलीने शिक्षकांकडे जावे.