परिचारिकांची पाठराखण

रुग्णालयाची कीर्ती सांगताना लोक शल्यविशारदांची नावे घेतात. परंतु मध्यरात्री रोग्याच्या उशाशी उभी असते ती परिचारिका. तिच्या पाठीशी कोण उभे असते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तो विचारला होता. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने जे विद्यालय निघाले, तेथे परिचारिकांची शिस्त आणि निवास यांची व्यवस्था अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, हाती सोपविण्यात आली. जिच्यावर जबाबदारी, तिच्याच हाती अधिकार, असे हे सूत्र होते. आपल्या देशात मेट्रनचे पद आले. परंतु परिचारिकांची स्थिती दीर्घकाळ हलाखीचीच राहिली. १९४६ च्या भोर समितीला सुमारे त्रेचाळीस हजार लोकांमागे एकच परिचारिका आढळली. पुढे १९५४ साली शेट्टी समिती आणि १९८७ साली दुसरी उच्चाधिकार समिती परिचारिकांच्या सेवाशर्तींचा विचार करण्यासाठी नेमावी लागली. एकाच दुखण्यासाठी पुनःपुन्हा वैद्य बोलवावा लागतो, तेव्हा औषध पोटात गेलेले नसते, हे उघड आहे.

याच काळात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जे घडले, ते महाराष्ट्र विसरू शकत नाही. अरुणा शानबाग ही कर्नाटकातील हळदीपूरची तरुणी तेथे परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी सायंकाळी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी हल्ला केला. तिने त्याला कामावरून खडसावले होते, असे सांगितले जाते. शिस्त राखण्याचे काम तिचे. संरक्षणाची तजवीज मात्र कोणाचीच नव्हती. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ती कायमची अंथरुणाला खिळली. मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा संप केला. अरुणेला नीट उपचार मिळावेत आणि आपल्याला कामाची सुरक्षित परिस्थिती मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

पुढे १९८० नंतरच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी तिला अन्यत्र हलविण्याचे महापालिकेचे प्रयत्न परिचारिकांनीच हाणून पाडले. एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे तिची शुश्रूषा सोपविली. सदतीस वर्षे अंथरुणात काढूनही तिच्या अंगावर शय्याव्रण नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली आणि तिची खरी निकटवर्ती मंडळी म्हणजे रुग्णालयातील कर्मचारीच होत, असे मानले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले.

ही हकिकत भूतदयेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात एक कटू बोधही दडलेला आहे. जे रक्षण व्यवस्थापनाने आधी करावयाचे, त्याची भरपाई सहकाऱ्यांनी बेचाळीस वर्षे आपल्या श्रमाने केली. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवकांवरील हिंसेला आळा घालणारा कायदा झाला तो २०१० साली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात एका तरुण महिला डॉक्टरची हत्या झाली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमताना अरुणेचे उदाहरण पुन्हा दिले. एक्कावन्न वर्षांनी तेच नाव घ्यावे लागावे, ही अभिमानाची गोष्ट नव्हे.

परिचारिकांचे हित म्हणजे केवळ पगार आणि प्रशस्तिपत्र नव्हे. कपडे बदलण्यास सुरक्षित खोली, रात्रपाळीला सोबत, कक्षात पुरेशी माणसे आणि गैरवर्तनाची तक्रार नेल्यावर ऐकून घेणारी, अधिकार असलेली प्रमुख, एवढे तरी तिच्या वाट्याला यावयास हवे. अधिसेविकेला नुसते हजेरीपट राखावयास बसविले आणि निर्णय दुसऱ्याच टेबलावर होऊ लागले, तर ती आपल्या मुलींची पाठराखण कशी करणार? परिचारिकेच्या सेवाभावाचे गोडवे गाणे सोपे आहे. तिला निर्धास्तपणे सेवा करता येईल असा कक्ष उभा करणे, हे रुग्णालयाच्या धुरीणांचे पहिले कर्तव्य आहे.