खडूतील खवले

आपल्या ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो मैल दूर. पण खडू हा शब्द शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. आज फळ्यावर वापरतात तो खडू बहुधा जिप्समचा असतो. मूळचा नैसर्गिक खडू मात्र प्राचीन समुद्रतळाशी साचलेला मऊ चुनखडक होय. १८३६ साली एरेनबर्ग या जर्मन संशोधकाला त्यात अतिसूक्ष्म वाटोळ्या चकत्या दिसल्या. त्या निर्जीव खनिजाच्याच असाव्यात, असे त्याने मानले.

१८५८ साली अटलांटिकच्या तळाच्या चिखलात तशाच चकत्या आढळल्या, तेव्हा हक्स्ले याने त्यांना 'कोकोलिथ' हे नाव दिले. पुढे १८६८ मध्ये त्याने असे मत मांडले की, समुद्रतळावर पसरलेल्या एका आदिम जीवद्रव्याचे हे अवशेष होत. हक्स्लेचा अधिकार मोठा. त्यामुळे हे मत पुष्कळांनी उचलून धरले.

त्याच्याशी असहमत असणाऱ्यांत दोघे आपल्या देशाशी निगडित होते. कलकत्त्यात जन्मलेला लष्करी डॉक्टर वॉलिच याने १८६० च्या सागरी सफरीत या चकत्या सुट्या नव्हे, तर एका गोलावर ढालींसारख्या बसलेल्या पाहिल्या. मुंबईत अनेक वर्षे वैद्यकीय सेवा केलेला निसर्गाभ्यासक हेन्री कार्टर याने तर १८७१ मध्ये कोकोलिथ ही वनस्पती आहे, असे प्रतिपादन केले. त्याने जोडलेले शैवालकुल चुकीचे होते. पण ही वनस्पती आहे हे निदान बरोबर होते.

१८७५ मध्ये 'चॅलेंजर' जहाजावरील शास्त्रज्ञांना कळून चुकले की, ते 'जीवद्रव्य' म्हणजे नमुन्यात घातलेल्या मद्यार्कामुळे समुद्रजलातून उतरलेला साका होता. हक्स्लेनेही आपले मत मागे घेतले.

पेशीच्या आतील रहस्य उलगडण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९६० च्या दशकात आयरीन मँटन व तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अशा शैवालांचे खवले बाहेरून चिकटत नाहीत. पेशीतील गॉल्जी पिंडाच्या चपट्या पिशव्यांत ते घडतात. कोकोलिथच्या बाबतीत आधी सेंद्रिय पातळ चकती तयार होते, तिच्या काठावर कॅल्साइटचे स्फटिक वाढतात आणि पूर्ण झालेली ढाल पेशीबाहेर येऊन पृष्ठभागावर बसते.

वॉलिचने १८७७ मध्ये यांपैकी एका शैवालाला कार्टरचे नाव दिले. 'हेलिकोस्फेरा कार्टेराय' ते हेच. मुंबईच्या त्या डॉक्टराचे नाव धारण करणारे हे शैवाल आजही अरबी समुद्रात आपले खवले घडवीत आहे.